अबालाकोवोच्या क्लावदियाबाई

खामगाव

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

निहाली भाषेचं काम घ्यावं की नाही, या विचारात तू परवा विचारलंस, जी भाषा बोलायला उद्या कुणी उरणार नाही, तिचं व्याकरण लिहून कुणाचं भलं होणार? फोनवर एवढं सगळं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तू ज्या हॅम्बुर्गात शिकतेस, तिथल्याच विद्यापीठात ‘कामास’ नावाच्या एका भाषेचे मजकूर आणि ध्वनिमुद्रणं एकत्र करून अभ्यासकांसाठी खुली केली आहेत. आधी ती ऐक. मग तुझ्या प्रश्नाकडे पुन्हा बघ.

कामास लोक सायबेरियाच्या दक्षिणेचे. सायान पर्वताच्या उत्तरेला कान आणि माना या नद्या वाहतात, त्या भागात ते राहायचे. रेनडिअर पाळायचे, जंगलात शिकार करायचे, मासे धरायचे. त्यांची भाषा सामोयेदी कुळातली. तिच्या बहिणी, नेनेत्स आणि न्गानासान, पार उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात बोलल्या जातात. फिनिश आणि हंगेरियन तिच्या लांबच्या नात्यातल्या. सतराव्या शतकात रशियन राज्य तिथवर पोहोचलं आणि या लोकांवर जनावरांच्या कातड्यांचा कर बसला. पुढे रशियन शेतकऱ्यांच्या वस्त्या वाढल्या. काही कामास घराण्यांनी आधीच शेजाऱ्यांची तुर्की वळणाची भाषा उचलली होती, बाकीची हळूहळू रशियन बोलू लागली. सोयरिकी रशियन घरांत झाल्या, शेतीचे आणि बाजाराचे व्यवहार रशियनमध्ये. मुलं अर्थातच त्याच भाषेत वाढली.

फिनलंडचा मातियास कास्त्रेन १८४७ साली तिथे गेला आणि त्याने ही भाषा पहिल्यांदा नीट टिपून घेतली. क्षयाने पोखरलेला तो माणूस बर्फातून मैलोन् मैल प्रवास करत होता. १८५२ मध्ये वारला तेव्हा जेमतेम अडतीस वर्षांचा होता. त्यानंतर १९१२ आणि १९१४ मध्ये काय डोनर हा दुसरा फिनिश अभ्यासक आला. त्याला अबालाकोवो या गावात भाषा येणारी मोजकीच माणसं भेटली. त्याने जमवलेल्या शब्दांचा कोश छापून यायला १९४४ उजाडलं, तोवर डोनरही हयात नव्हता. विद्वानांनी मानलं की कामास संपली.

आता पुढचं मन लावून वाच, कारण मला जे सांगायचंय ते इथे आहे. १९६३ मध्ये उरल विद्यापीठाच्या लोकांची एक तुकडी त्या भागात नद्या, डोंगर, वस्त्या यांची नावं गोळा करत फिरत होती. कामास भाषा शोधायला ते आलेच नव्हते. अबालाकोवोत त्यांना दोन म्हाताऱ्या भेटल्या, ज्यांना ती अजून येत होती. त्यांतल्या एक क्लावदिया प्लोत्निकोवा. वर्षानुवर्षं त्यांच्याशी त्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं. त्या देवाची प्रार्थना कामासमध्ये करायच्या आणि तेवढ्यावर भाषा त्यांच्या तोंडात राहिली, असं सांगतात.

सई, मी या बाईंचा फार विचार करते. चूल पेटवताना, गुरांना चारा घालताना मनात कामास आणि ओठांवर रशियन, अशी किती वर्षं गेली असतील! त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्याच वर्षी एस्टोनियाच्या टार्टू विद्यापीठातले आगो क्युन्नाप तिथे जाऊ लागले. त्यांनी क्लावदियाबाईंना बोलतं केलं, फितीवर उतरवून घेतलं. इतक्या वर्षांच्या एकटेपणात त्यांच्या बोलण्यात रशियन वळण शिरलं होतं, हे खरं. काही पंडितांना ते खटकतं. मला मात्र त्या वळणासकटच ते बोलणं मोलाचं वाटतं, त्यांचं सगळं आयुष्य त्यात आहे. १९७० मध्ये एस्टोनियातल्याच टॅलिनला फिन्नो-उग्रिक, म्हणजे फिनिश-हंगेरियनच्या कुळातल्या, भाषांच्या अभ्यासकांची जागतिक परिषद भरली, तिथे या खेडवळ बाईंना सन्मानाने नेलं. २० सप्टेंबर १९८९ रोजी त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर भाषा गेली.

तू विचारतेस, भलं कुणाचं झालं? मातोर भाषेकडे बघ. तीही सायानचीच, कामासची सख्खी शेजारीण. १८४० च्या दशकात ती संपली. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या प्रवाशांनी लिहून ठेवलेल्या शब्दांच्या याद्या उरल्या, बस्स. येवगेनी हेलिम्स्की यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घालून त्या याद्यांतून जमेल तेवढी भाषा उभी केली. पण मातोर बाई लेकराला कशी रागवायची, शेजारणीला काय म्हणायची, हे आता कुणालाच कळणार नाही. कामासचं कळतं. क्लावदियाबाई बोलतात, थांबतात, आठवतात, पुन्हा बोलतात, आणि कुणीही ते ऐकू शकतं. त्यांच्या गावातल्या एखाद्या पोरीला उद्या आपल्या पणजीची भाषा हवीशी वाटली, तर ती तिच्यासाठी आहे. ती पोरगी येईल की नाही ते आपल्या हातात नाही. फीत असणं मात्र कुणाच्या तरी हातात होतं.

म्हणून निहालीचं काम सोडू नकोस. आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याशी, जेमतेम दोनेक हजार माणसं ती बोलतात आणि जगातल्या कुठल्याच भाषेशी तिचं नातं अजून पक्कं जुळलेलं नाही. तिथल्या आयाबायांना कोरकू येते, मराठी येते, हिंदी येते. पण घरात अजून निहाली चालते. म्हणजे तुला एकट्या म्हातारीला शोधत फिरावं लागणार नाही, अख्खं घर बोलताना ऐकता येईल. क्युन्नापांना हे भाग्य मिळालं नाही.

एक मात्र कर. वही उघडण्याआधी त्यांच्या ओट्यावर बस, चहा घे, कुणाची लेक आहेस ते सांग. जे टिपशील त्याची एक प्रत त्यांच्या शाळेत ठेव. आणि प्राध्यापकांना या आठवड्यातच होकार कळव, उगाच दिवस घालवू नकोस. दिवाळीला आलीस की आपण दोघी मिळून जामोदला जाऊ. मावशीच्या ओळखीची एक शिक्षिका तिकडे आहे, तिच्याशी मी बोलून ठेवते.

जेवणाकडे लक्ष दे. पत्र मिळाल्याचं कळव.

तुझी,
आई