लेंड आणि बॉरो

लेस्टर, इंग्लंड

चि. राणीस अनेक आशीर्वाद.

सरावासाठी लिहिलेली तुझी वाक्यं वाचली. व्याकरण छान सुधारलंय, पण ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ची जागोजागी अदलाबदल झाली आहे. परीक्षेआधी हे पक्कं व्हायलाच हवं.

मराठीत ‘उसनं’ हा एकच शब्द, दिशा कळते ती ‘घेणं’ नि ‘देणं’ यांवरून. बडोद्यात रोज कानावर पडणाऱ्या गुजरातीतही तसंच: उछीनुं लेवुं, उछीनुं आपवुं. इंग्रजीत मात्र दिशा क्रियापदातच असते. म्हणून आधी कर्ता बघ. वस्तू त्याच्याकडे येत असेल तर बॉरो, त्याच्याकडून जात असेल तर लेंड. मांडवीची सेंट्रल लायब्ररी पुस्तक लेंड करते, तेच पुस्तक तू बॉरो करतेस. (सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं काम उभं केलं, हे तुझ्या निबंधातही घाल.) कर्जाच्या कागदांवर बँक लेंडर, सही करणारा बॉरोअर.

आता रचना. ‘बॉरो मी युवर पेन’ हे चूक, कारण बॉरोनंतर फक्त वस्तू येते; ज्याच्याकडून घ्यायची तो माणूस ‘फ्रॉम’ लावून येतो. लेंडला दोन्ही चालतात: ‘लेंड मी अ पेन’ किंवा ‘लेंड अ पेन टू मी’. मागताना ‘कुड आय बॉरो युवर पेन?’ आणि ‘कुड यू लेंड मी युवर पेन?’ या दोन्हींतून मागणं एकच होतं. कर्ता फिरला की क्रियापद फिरतं. भूतकाळ ‘लेंट’, ‘लेंडेड’ कधीच नाही.

जी वस्तू जागची हलत नाही तिला बॉरो लावू नकोस. कुणाकडे बाथरूम वापरायची असेल तर ‘यूझ’ म्हणायचं. वाटीभर साखर मात्र बॉरो करता येते. तीच साखर परत जात नाही, तरी चालतं.

भाडं देऊन घर घेतलंस की शब्द ‘रेंट’. गंमत म्हणजे हा आपल्या ‘उसन्या’सारखा दोन्हीकडे चालतो, घरमालकही रेंट करतो आणि भाडेकरूही. घोळ टाळायला मालकाच्या बाजूने ‘रेंट आउट’ लिही.

दोन्ही क्रियापदांची पाच-पाच वाक्यं लिहून पाठव, तपासून देतो. ताई-भावजींना नमस्कार.

तुझा,
मामा