दार-ए-सलामच्या ताईंना, बाबांच्या वतीने

ताई,

टांझानियातल्या दार-ए-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयात तुम्ही मिरजेच्या एका म्हाताऱ्या दातांच्या डॉक्टरला स्वतःची खुर्ची आणून दिलीत. तिचे आभार आहेतच, पण मी लिहायला बसले ती टॉर्चसाठी.

आमचा टूरवाला शेवटपर्यंत टाळत होता. "म्युझियममध्ये काय ठेवलंय? हत्ती-सिंह बघा की!" व्हीलचेअरचे पैसे आगाऊ घेतले, आणि फाटकाशी आम्हाला उतरवून ड्रायव्हर पसार. बाबांचा मात्र एकच हट्ट: १९५९ साली ओल्डुवाईच्या घळीत मेरी लीकींना सापडलेल्या 'झिंज' या आदिमानवासारख्या प्राण्याच्या कवटीच्या दाढा बघायच्या. सुमारे साडेसतरा लाख वर्षांपूर्वीच्या! "मूळ असो की साचा, माप तेच," म्हणाले. तिथे ठेवलेल्या, टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंच्या गाड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

काचेवर उजेड चमकत होता, धड काही दिसेना. तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावलात आणि तिरका धरलात. बाबा सवयीने बोलून गेले, "जरा वर. अजून डावीकडे." चक्क मराठीत! त्यांच्या बोटाच्या रोखाने तुम्ही हात सरकवत राहिलात. हात थरथरायला लागले म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला. त्यानंतर त्यांच्यासाठी असा उजेड कुणी धरलाच नव्हता. मग काय, स्वारी सुटली. आपल्या दाढांपेक्षा या केवढ्या रुंद बघा! आणि अक्कलदाढ अजून झिजलेली नाही, म्हणजे गडी तरुणच. तुम्ही स्वतःच्या गालावर बोट ठेवून "हीच ना?" असं खुणेनं विचारलंत, तेव्हा त्यांना कोण आनंद! तुमचा हात भरून आला असणार, तरी टॉर्च खाली आला नाही.

पगारात हे बसत नाही. परक्या म्हाताऱ्याची हौस आपली मानायला माणूस मुळात सरळ लागतो. अशी माणसं गावोगाव चार-दोन असतात म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं. नाहीतर आगाऊ पैसे घेणारे काय, पावलोपावली भेटतात.

बाबांचा एक निरोप आहे, अगदी बजावून सांगितलाय. हसताना तुम्ही उजवा गाल सांभाळत होतात. ती दाढ दाखवून घ्या, अंगावर काढू नका.