सहापैकी दोन तक्ते दुसऱ्याच ओंडक्याचे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : सागवानी व्हिनिअरचे तक्ते एकाच बंडलातले नसल्याबाबत

महोदय,

तुमच्या सांगलीतल्या डीलरकडून मी नैसर्गिक सागवानी व्हिनिअरचे, म्हणजे वरून खऱ्या सागाची पातळ पानं चिकटवलेले, 8 बाय 4 फुटांचे सहा तक्ते घेतले. ‘एकाच बंडलातले, ओळीने’ म्हणजे एकाच ओंडक्याच्या सलग पानांचे, असं डीलरनेच बिलावर लिहून दिलंय. गावभागातल्या घरातलं सासूबाईंचं सागवानी कपाट 2019 च्या पुरात फुगून गेलं, त्याच्या जागी हे करायचं होतं.

कापण्याआधी मिस्त्रींनी सहाही तक्ते हॉलमध्ये शेजारी शेजारी मांडले. चारांवर डोंगरासारखी चढत गेलेली नक्षी, तळाशी एक बारीक गाठ, तीही चारही ठिकाणी जवळपास त्याच जागी. उरलेल्या दोनांवर नुसत्या उभ्या रेषा आणि रंग तांबूस. उलटे करून पाहिले, तर मागचा बंडल नंबरच वेगळा.

फोनवर उत्तर मिळालं, “मॅडम, लाकूड नैसर्गिक आहे, फरक येणारच.”

येऊ दे की. पण किती? ओंडका गरम पाण्यात मऊ करून पात्याने अर्ध्या मिलिमीटरची पानं काढायची आणि निघतील त्याच क्रमाने रचायची, हे तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय. माझ्या एका तक्त्यावर अशी सहा पानं जोडलेली आहेत. सहा तक्त्यांची झाली 36, म्हणजे जाडीने दोन सेंटिमीटरही लाकूड नाही. तेवढ्यात डोंगराचा माळ होत नाही! तशा सरळ रेषांसाठी ओंडका चिरून वेगळ्या बाजूने काप घ्यावा लागतो, हे आमचे मिस्त्रीसुद्धा सांगतात.

“पॉलिश मारलं की कळणार नाही,” हा डीलरचा सल्ला. पॉलिशने ग्रेन, म्हणजे लाकडातल्या रेषांची नक्षी, उलट जास्तच उठून दिसतो.

त्या दोनांपैकी एकाचा कोपरा नखाने वाजवला की पोकळ वाजतो. प्रेसमध्ये गोंद नीट धरला नसावा. तो तर बदलावाच लागेल.

चार तक्त्यांच्याच बंडलातले दोन द्या. ते बंडल संपलं असेल तर सहाही परत न्या आणि एका बंडलातले सहा पाठवा; टेंपोभाडं तुमचं. मिस्त्रींची तीन दिवसांची मजुरीही फुकट गेली आहे, तीही धरा. 15 दिवसांत काही झालं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

बिल आणि मागच्या नंबरांचे फोटो सोबत जोडले आहेत. एकाही तक्त्याला करवत लागलेली नाही. सगळे हॉलमध्ये आडवे ठेवलेत आणि आम्ही मागच्या दाराने ये-जा करतोय.

कळावे,
आपली ग्राहक,
सांगली