हळुवारपणा पुरे, माहिती द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला, गर्भ गमावलेल्या कुटुंबांशी रुग्णालयाने कसे वागावे, हा लेख वाचला. लेखिका स्वतः डॉक्टर आहेत आणि तळमळीने लिहितात, याबद्दल शंका नाही. पण पानभर नुसती संवेदनशीलता आणि समुपदेशन! आम्हाला हळुवारपणा भरपूर मिळाला हो. नर्सबाईंनी पाठीवरून हात फिरवला, डॉक्टर खालच्या आवाजात बोलले. कामाचे मात्र कोणी काही सांगितले नाही.

माझ्या लेकीचे बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेले. बाळंतपण झाले, घरी सोडले. हातात दिलेले डिस्चार्ज कार्ड नेहमीच्या बाळंतिणीचेच. त्यातल्या ‘बाळाला दर दोन तासांनी अंगावर पाजा’ या ओळीवर बॉलपेनने रेघ मारलेली. तेवढे कष्ट घेतले, हेही नसे थोडके. पण मग त्याऐवजी काय करायचे, ते लिहायला कोणाला सुचले नाही. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत रात्री तिची छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण, गाऊन ओला. “आई, आता कोणासाठी आलंय गं हे?” असे तिने विचारले, तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत गेले.

वार (प्लॅसेंटा) पडली की शरीरातले एक संप्रेरक झपाट्याने कमी होते आणि दोन ते पाच दिवसांत दूध उतरते. बाळ आहे की नाही, हे छातीला कळत नाही. चौथा महिना उलटल्यावर गर्भ गेला तरी असे होऊ शकते. हे नर्सिंग शिकणाऱ्या मुलीलाही ठाऊक असते. दूध थांबवायची गोळी मिळते, ती सुरुवातीलाच द्यायची असते आणि रक्तदाब वाढलेल्या बाईला देण्याआधी विचार करावा लागतो. म्हणजे हे ठरवायचे ते रुग्णालयातच, घरी रात्री दोन वाजता नव्हे. आम्हाला सल्ले मिळाले ते ओळखीच्या बायकांचे. एक म्हणाली घट्ट बांधून ठेवा, दुसरी म्हणाली सगळे पिळून काढा. घट्ट बांधले तर गाठी होऊन सूज चढू शकते आणि सगळे काढले तर शरीर आणखी दूध करते. थंड पट्ट्या, आधार देणारे कपडे आणि फारच ठणकले तर जरासेच काढणे, एवढे कार्डावर चार ओळींत मावले असते.

रुग्णालयात फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, “बाळाला घेऊन ओपीडीत या, कसं पाजायचं ते दाखवतील.” त्या पोरीला मी काय बोलणार? तिच्यासमोरच्या संगणकावर ‘डिलिव्हरी’ एवढेच दिसत असणार.

न्यायाने बोलायचे तर एक गोष्ट वेळेवर झाली. लेकीचा रक्तगट निगेटिव्ह, त्यामुळे पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणून 72 तासांच्या आत द्यायचे अँटी-डी इंजेक्शन त्यांनी न चुकता दिले. म्हणजे मनात आणले तर जमते! मग वार तपासणीला पाठवायची का, हे का विचारले नाही? आता नव्या डॉक्टर विचारतात, “रिपोर्ट कुठे आहे?” बाळ का गेले याचे उत्तर तपासणीतून दर वेळी मिळतेच असे नाही, हे मलाही कळते, पण विचारायला काय हरकत होती? बाळाला बघायचे का, हेदेखील लेकीला विचारले नाही. “नका दाखवू, त्रास होईल,” असे जावयाला बाहेरच्या बाहेर सांगून त्याची सही घेतली. नको म्हणण्याचा हक्क तिचा होता, त्यांचा नव्हे.

लेखिकेने जगभरात वर्षाला सुमारे 20 लाख मृतजन्म होतात, असा आकडा दिला आहे. बरोबर असेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या मोजणीत 28 आठवड्यांनंतर गेलेली बाळेच येतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भ गेलेल्या बाया त्यात नाहीत. त्यांच्या हातात तर रेघ मारलेले कार्डही पडत नसेल.

जाता जाता आणखी एक. तुमच्या या लेखाखाली अर्धे पान भरून हसऱ्या बाळाची डायपरची जाहिरात होती. लेकीने लेख वाचायला घेतला आणि अंक घडी करून ठेवून दिला. जाहिरात विभागाला पानाचा विषय आधी कळवण्याची सोय तुमच्याकडे आहे का? असल्यास वापरावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
(कृपया नाव व गाव छापू नये.)