फोन कोणी लावला, हे आधी पाहावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

संशयास्पद फोन आणि ई-मेल ओळखण्याच्या खुणा सांगणारी चौकट आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. अनोळखी क्रमांक, अशुद्ध भाषा, बक्षिसाचे आमिष आणि धमकीचा सूर, अशा चार खुणा तीत दिल्या होत्या. हेतू चांगलाच आहे. परंतु एका वित्तसंस्थेच्या ग्राहकसेवा विभागात बावीस वर्षे फोन घेण्यात घालवलेल्या मला ती यादी वाचून थोडी काळजी वाटली. कारण यांपैकी एकही खूण नसलेला फोन आला, तर वाचक तो खरा मानून मोकळा होईल, आणि हल्लीचे भामटे नेमका तसाच फोन करतात.

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीला असा फोन आला. ती गणिताची निवृत्त शिक्षिका आहे आणि हिशेबाला पक्की आहे. फोनवर उमटलेला क्रमांक तिच्या बँकेचाच होता. बोलणाऱ्याची भाषा स्वच्छ आणि अदबीची होती. त्याने तिचे पूर्ण नाव व जन्मतारीख सांगितली, कार्डावरचे पहिले सहा आकडे म्हणून दाखवले आणि आपल्या खात्यातून या क्षणी कोणीतरी मोठी रक्कम काढत आहे, ती थांबवायची तर आत्ता आलेला ओटीपी सांगा, असे तो म्हणाला. ‘कोणालाही सांगू नका असे त्या संदेशात लिहिलेले दिसेल, मॅडम, आणि ते बरोबरच आहे, बाहेरच्या कोणाला सांगूच नका,’ हेही त्यानेच आधी सांगून टाकले. बहीण वाचली ती चष्म्यामुळे. चष्मा आतल्या खोलीत आहे, तो घेते आणि मीच बँकेला फोन लावते, असे तिने म्हणताच ती अदब एकदम गळून पडली. फोन ठेवलात तर पैसे जातील आणि जबाबदारी तुमची राहील, असे तो चढ्या आवाजात सांगू लागला. आयुष्यभर वर्ग सांभाळलेल्या बाईंवर कोणी आवाज चढवलेला त्यांना खपत नाही. तिने फोन ठेवून दिला.

त्याने पुढे केलेला एकेक पुरावा तपासून पाहिला, तर त्यात काहीच उरत नाही. फोनवर दिसणारा क्रमांक हा पलीकडून पाठवला जाणारा मजकूर असतो आणि इंटरनेटवरून फोन लावणाऱ्याला तो हवा तसा पाठवता येतो. नाव आणि जन्मतारीख कुठल्या ना कुठल्या फुटलेल्या माहितीसाठ्यातून मिळते. कार्डाच्या पहिल्या सहा आकड्यांची गंमत तर फारच थोड्यांना ठाऊक असते. ते आकडे ग्राहकाचे नसून कार्ड देणाऱ्या संस्थेचे असतात (नव्या पद्धतीत ते आठ असतात) आणि त्याच प्रकारचे कार्ड बाळगणाऱ्या असंख्य ग्राहकांच्या कार्डांची सुरुवात तशीच होते. ते म्हणून दाखवणे म्हणजे पाकिटावरचा पिनकोड वाचून आतले पत्र कळल्याचा आव आणणे होय.

ई-मेलचे दुखणे याहून जुने आहे. ई-मेल पाठवण्याची जी पद्धत १९८२ साली ठरली, तिच्यात पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोयच नव्हती. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव घालावे, तसाच तो प्रकार होता. नंतर पडताळणीच्या व्यवस्था आल्या, पण त्या फार तर पत्ता खरा आहे की नाही एवढेच तपासतात, आणि ठळक अक्षरांत दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव आजही मनासारखे लिहिता येते. म्हणून नावाकडे न पाहता पूर्ण पत्ता उघडून पाहावा. संकेतस्थळाचा पत्ता वाचताना पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपाशी थांबून तिच्या डावीकडचे, टिंबांनी वेगळे केलेले शेवटचे दोन-तीन तुकडे पाहावेत, कारण खरा मालक तिथे असतो. त्याआधी बँकेचे नाव कितीही वेळा आले तरी त्याला अर्थ नाही. इंग्रजी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी ठेवले की लहान पडद्यावर ते ‘एम’सारखे दिसतात, एवढ्या बारीक फरकावर माणसे फसली आहेत. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नये. ते चिन्ह फक्त मधल्या वाटेत मजकूर कोणी वाचू शकणार नाही एवढेच सांगत असे, पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे असे नव्हे. लोक त्याचा चुकीचा अर्थ घेतात म्हणून गूगलने २०२३ साली आपल्या क्रोम ब्राउझरमधून ते काढून टाकले.

तरीही हे सारे पाठ करून कोणी सुरक्षित होईल, असे मला वाटत नाही. २०१६च्या मार्चमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना, तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला आहे, तो ताबडतोब बदला, असा गूगलच्या नावाने ई-मेल आला. त्यांच्या कार्यालयाने तो तंत्रज्ञ सहकाऱ्याला दाखवला. त्याला ‘हा ई-मेल खोटा आहे’ असे लिहायचे होते, पण हातून ‘खरा आहे’ असे लिहिले गेले, असे त्याने नंतर सांगितले. याहून बोलकी गोष्ट अशी की, त्या उत्तरात पासवर्ड बदलण्यासाठी गूगलची खरी लिंकही दिलेली होती. दाबली गेली ती मात्र मूळ ई-मेलमधली. हाँगकाँगमधल्या २०२४च्या प्रकरणात एका मोठ्या अभियांत्रिकी कंपनीच्या कर्मचाऱ्याला आलेल्या ई-मेलचा आधी रास्त संशय आला होता. परंतु व्हिडिओ कॉलवर वरिष्ठ अधिकारी आणि सहकारी प्रत्यक्ष दिसले-बोलले तेव्हा तो निवळला आणि त्याने सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. ते चेहरे आणि आवाज संगणकाने घडवलेले होते.

तेव्हा वाचकांनी क्रमांक, भाषा, आवाज, चेहरा यांची पारख करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा दोनच गोष्टींकडे पाहावे, असे मी सुचवीन. संपर्क कोणी सुरू केला, आणि आपल्याकडून काय मागितले जात आहे? समोरच्याने सुरू केलेल्या संपर्कात ओटीपी, पासवर्ड, पैसे किंवा आपल्या फोनचा पडदा त्याला दाखवणारे ॲप यांपैकी काहीही मागितले गेले, की तिथेच फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन फोन लावावा. त्यानेच दिलेल्या क्रमांकावर नव्हे, आणि शक्य असेल तर दुसऱ्या फोनवरून. हा दुसऱ्या फोनचा आग्रह उगाच नाही. काही देशांतल्या लँडलाइनवर पलीकडच्याने फोन खाली ठेवला नाही, तर जोडणी काही वेळ तशीच राहत असे. ‘खात्री करायला तुम्हीच बँकेला फोन लावा’ असे सांगून भामटे त्याच जोडणीवर डायल टोन ऐकवत, आणि माणूस क्रमांक फिरवून पुन्हा त्यांच्याच साथीदाराशी बोले. ओटीपी सांगून बसलेल्यांनीही लाज बाळगून रात्र काढू नये. पहिल्या काही मिनिटांत कळवले तर रक्कम अडवता येण्याची शक्यता राहते.

आता थोडे आमच्याच क्षेत्राविषयी. ग्राहकांनी सावध राहावे असे संदेश रोज पाठवणाऱ्या संस्था स्वतः ग्राहकाला फोन लावतात आणि ‘खातरजमेसाठी’ त्याचीच जन्मतारीख विचारतात. मी स्वतः वर्षानुवर्षे हे केले आहे आणि आज मला ते चूक वाटते. भामट्याच्या फोनला ग्राहकाने सरावावे, याची तालीमच आम्ही घेत होतो. ज्याने फोन लावला त्यानेच आधी ओळख पटवावी, आणि ते जमत नसेल तर ‘आपण आमच्या नेहमीच्या क्रमांकावर फोन करा आणि हा संदर्भ सांगा’ एवढेच बोलून फोन ठेवावा, असा नियम संस्थांना घालून द्यायला हवा. आपल्या दैनिकाने ग्राहकांना जसे चार शब्द सुनावले, तसे संस्थांनाही सुनवावेत, ही विनंती आहे.

बहिणीच्या त्या फोननंतर आठवड्याभराने तिला तिच्या बँकेतून पुन्हा फोन आला आणि त्या तरुणीने प्रथम जन्मतारीख विचारली. बहिणीने ती सांगायला नकार दिला, तेव्हा ती तरुणी दुखावली आणि ‘मग आम्ही काम कसे करायचे?’ असे म्हणाली. बहिणीने कार्डाच्या मागचा क्रमांक लावला, अठरा मिनिटे संगीत ऐकले आणि मग तिला कळले की तो फोन खरा होता. तिच्या अर्जावरची एक सही राहिली होती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्राहकसेवा कर्मचारी