किटेल आडनाव कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातली बरीच पोरं शिकायला धारवाडला जातात, त्यातली काही किटेल कॉलेजात आहेत. त्यांना विचारलं बाबांनो हे किटेल म्हणजे कोण, तर एक म्हणतो कुणीतरी इंग्रज साहेब असणार, दुसरा म्हणतो कित्तूरचंच बिघडलेलं स्पेलिंग हो काका. बरं पोरांचा तरी काय दोष, त्यांना कुणी सांगितलंयच कुठं. म्हणून म्हटलं आपल्या पेपरातनंच लिहावं.

फर्डिनांड किटेल हा जर्मन. १८३२ मध्ये जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर पूर्व फ्रिसिया म्हणून भाग आहे तिथं जन्मला, बाप पाद्री. १८५३ मध्ये बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेतर्फे तो इकडं आला आणि धारवाड, हुबळी, मंगळूर, कोडगू असा फिरत राहिला. धर्मप्रचाराला आलेला माणूस पण कन्नडात असा काय रमला की जुने व्याकरणाचे, छंदाचे ग्रंथ शोधून छापायला लागला, मिशनच्या वरच्या लोकांना ते फारसं पटत नव्हतं तरी हा थांबला नाही. १८९४ मध्ये मंगळूरच्या मिशन छापखान्यातनं त्याचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश बाहेर पडला, साधारण ७० हजार शब्दांचा. तो कोश एकदा तरी उघडून बघा साहेब. आधी शब्द कन्नड लिपीत, मग रोमन अक्षरात, मग अर्थ, आणि पुढं तमिळ, तेलुगू, मलयाळममध्ये तोच शब्द कसा येतो ते, शिवाय जो शब्द मराठीतनं कन्नडात आलाय त्यालाही खूण केलेली आहे. म्हणजे आपल्या दोन भाषांची देवाणघेवाण या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वीच बारीक टाइपात नोंदवून ठेवली, आणि आपण अजून भांडालोय. मराठीसाठी जे मोल्सवर्थनं १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढून केलं तेच कन्नडसाठी किटेलनं. बेंगळुरात एम.जी. रोडला त्याचा पुतळा आहे, पण पुतळ्याखालून जाणाऱ्यांना पूर्ण नाव विचारलं तर किती जण सांगतील ही शंकाच आहे.

आता आडनावाबद्दल, कारण खरं मला लिहायचंय ते त्यावरच. जर्मन लोकांची आडनावं आपल्यासारखीच पडलीत. श्मिट म्हणजे लोहार, म्युलर म्हणजे पीठ दळणारा, श्नायडर शिंपी, वेबर विणकर, आपल्याकडं कम्मार म्हणजे लोहार, बडिगेर म्हणजे सुतार, कुंबार, पत्तार म्हणजे सोनार आहेत तसलंच सगळं. गावावरनंही पडतात, न्यूर्नबर्गचा तो न्यूर्नबर्गर, म्हणजे आपला कडोलकर, सांबरेकर, उचगावकर. किटेल हे मात्र कपड्यावरनं पडलेलं. जुन्या जर्मनमध्ये किटेल म्हणजे कामाच्या वेळी वरनं चढवायचा सैल अंगरखा, तो शिवणाऱ्याला किंवा कायम तोच घालून फिरणाऱ्याला लोकांनी हाक मारली आणि ती पुढं घराण्याला चिकटली. युरोपातले ज्यू लोक योम किप्पुरच्या उपासाला पांढरा झगा घालतात त्यालाही किटेलच म्हणतात.

आणि गंमत अशी की फर्डिनांड जिथं जन्मला त्या पूर्व फ्रिसियात लोकांना कायमचं आडनाव असं नव्हतंच, पोराला बापाचं नाव लागायचं, नातवाला परत त्याच्या बापाचं, म्हणजे दर पिढीला नाव वेगळं. १८११ मध्ये नेपोलियनच्या राजवटीत हुकूम निघाला की प्रत्येकानं एक आडनाव ठरवून कायम ठेवायचं, तरी लोक कितीतरी वर्षं जुनीच रीत चालवत होते. किटेल हे आडनाव त्या किनाऱ्याचं नव्हेच, ते जास्त सापडतं सॅक्सनी, सिलेशिया, बोहेमिया या बाजूला, म्हणजे जर्मनीच्या पूर्वेला आणि आजच्या पोलंड-चेक देशाकडं. माणूस नोकरीला, चर्चच्या कामाला लांब गेला की आडनावही त्याच्याबरोबर गेलं, निपाणीकर निपाणी सोडून पुण्यात तीन पिढ्या राहिला तरी निपाणीकरच की.

हे आडनाव लावणारे तरी किती तऱ्हेचे बघा. योहान क्रिस्टियान किटेल, १७३२ ते १८०९, एरफुर्टचा ऑर्गनवादक, थोर संगीतकार बाख यांच्या अगदी शेवटच्या शिष्यांपैकी. बोहेमियाच्या डोंगरात त्याच शतकात एक डॉक्टर किटेल होऊन गेला, गरिबांना औषध द्यायचा, लोक त्याला मांत्रिकच समजायचे, अजून तिकडं त्याच्या दंतकथा सांगतात. एमएस्सीला सॉलिड स्टेट फिजिक्स घेतलेल्या पोरांच्या बॅगेत जे किटेल असतं ते चार्ल्स किटेलचं, हा अमेरिकन, न्यूयॉर्कला १९१६ मध्ये जन्मला, पुस्तकाची पहिली आवृत्ती १९५३ ची, आणि १०२ वर्षं जगून २०१९ मध्ये गेला. आमच्या ओळखीच्या एका पोराला वाटायचं कन्नड कोशवाला आणि हा एकच.

आणि गेरहार्ड किटेल. याच्याबद्दल लिहिताना हात जड होतो पण सोडून देणं बरोबर नाही. हाही कोशकारच, बायबलच्या नव्या कराराच्या ग्रीक शब्दांचा मोठा कोश यानं सुरू केला, जगभर अभ्यासक अजून वापरतात. पण १९३३ मध्ये हा माणूस नाझी पक्षात गेला आणि ज्यूंच्या विरोधात भाषणं-पुस्तकं केली, १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्याला अटक केली. आणि हा प्राध्यापक होता ट्युबिंगेनला, ज्या गावात १९०३ मध्ये आपला फर्डिनांड किटेल वारला त्याच गावात. एकानं परक्यांची भाषा आयुष्यभर उरावर घेतली, दुसऱ्यानं आपल्याच गावातल्या शेजाऱ्यांना परकं ठरवलं, आणि दोघांचं आडनाव एक, धंदाही एकच, शब्द गोळा करायचा. आडनावावरनं माणूस ओळखता येतो म्हणणाऱ्यांनी यावर काय म्हणायचं ते सांगावं.

अजून एक. अमेरिकेत पिट्सबर्गला १९४५ मध्ये फ्रेडरिक ऑगस्ट किटेल नावाचा पोरगा जन्मला. बाप बोहेमियाकडनं आलेला जर्मन भाषिक बेकरीवाला, आई काळी अमेरिकन. बाप घरात फारसा नसायचाच, आईनंच पोरं वाढवली. बाप वारल्यावर विशीतल्या या पोरानं आईचं आडनाव घेतलं आणि ऑगस्ट विल्सन झाला, काळ्या लोकांच्या आयुष्यावर दहा नाटकं लिहिली, १९८७ आणि १९९० असं दोनदा पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला. मला हे फार भावतं, कारण त्यानं ज्या माणसानं वाढवलं तिचं नाव लावलं.

संपादक साहेब, आपल्या भागात हल्ली ओळख करून दिली की आडनाव ऐकून लगेच हिशेब सुरू होतो, हा आमच्यातला की त्यांच्यातला. बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात, एसटीत पण. अंगडी ऐकलं की कन्नडात बोलायला सुरुवात, आणि त्या माणसाच्या घरात तीन पिढ्या मराठीच चालू असते. पाटील तर मराठ्यांत, लिंगायतांत, जैनांत सगळीकडं, त्या आडनावावरनं भाषा कशी ओळखणार. कन्नडचे एवढे मोठे कवी द. रा. बेंद्रे, १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना, घरची भाषा मराठी. १९५६ नंतर सीमेवर जे झालं ते झालं आणि मराठी शाळा, मराठी फलक यांचा आपला हक्क आपण मागणारच, मी स्वतः मागणाऱ्यांपैकी आहे. पण मागणं आपल्या भाषेसाठी मागायचं, आडनावं मोजून नव्हे.

माझी विनंती एवढीच की आपल्या रविवारच्या अंकात सीमाभागातल्या आडनावांसाठी एक कोपरा द्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी, गोकाक सगळीकडनं लोक लिहितील. घराघरात जुने उतारे, खरेदीखतं, मोडीतले कागद ट्रंकेत पडून आहेत, त्यात आजोबांच्या आजोबांचं आडनाव आजच्यापेक्षा वेगळं निघतं असं मी दोन-तीन घरात स्वतः पाहिलंय, एका घरात तर एकाच कागदावर सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी, एकाचं गावावरनं, दुसऱ्याचं धंद्यावरनं. मोडी वाचणारी म्हातारी माणसं आता मोजकीच राहिलीत, ती आहेत तोवर हे काम सुरू झालं तर बरं. कन्नड बोलणाऱ्या घरांनीही लिहावं, त्यांची पत्रं मराठीत करून द्यायला मी आणि आमच्या गल्लीतले दोघं-तिघं तयार आहोत.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
वडगाव, बेळगाव