तक्रार पत्र: रेड लाइट पॅनेलचे फुगवलेले आकडे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचा खोटा दावा

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय / महोदया,

तुमच्या ६० × ३० सेंटिमीटरच्या रेड लाइट पॅनेलच्या (अंगावर लाल आणि अवरक्त प्रकाश पाडून उपचार करणाऱ्या एलईडी दिव्यांच्या) खोक्यावर ‘१००० वॉट’ आणि ‘१५ सेंमी अंतरावर १०० मिलीवॉट प्रति चौरस सेंटिमीटर’ असं छापलं आहे. दोन्ही आकडे चुकीचे आहेत.

सॉकेटला वॉटमीटर लावला तर पॅनेल १४८ वॉट घेतं. ५ वॉटचे २०० एलईडी असा गुणाकार करून तुम्ही १००० छापलेत, पण ते तेवढ्या करंटवर चालवलेलेच नाहीत. विजेतली निम्मी प्रकाशात उतरते असं सढळ हाताने धरलं तरी ७४ वॉट होतात. त्याला १८०० चौरस सेंटिमीटरने भागा: सरासरी ४१ मिलीवॉट, तेही थेट पृष्ठभागावर. १५ सेंमीवर प्रकाश पसरून आणखी कमी होणार. १०० मिलीवॉट म्हणजे भर दुपारच्या लख्ख उन्हाची एकूण ऊर्जा! तुमचं मोजमाप सोलर पॉवर मीटरचं असावं. तो उन्हाच्या संपूर्ण वर्णपटासाठी कॅलिब्रेट केलेला असतो. ६६० (लाल) आणि ८५० नॅनोमीटरच्या (अवरक्त, डोळ्यांना न दिसणाऱ्या) एलईडीसमोर तो जवळपास दुप्पट आकडा दाखवतो.

उपचारातली प्रकाशाची मात्रा याच आकड्यावरून ठरते. १० मिनिटांत १०० मिलीवॉटने दर चौरस सेंटिमीटरला ६० जूल ऊर्जा मिळते, ४१ ने जेमतेम २५. या उपचारात कमी मात्रा निरुपयोगी ठरते आणि जास्त झाली तर परिणाम उलट घटतो. मग पुस्तिकेतल्या मिनिटांना अर्थ काय उरला?

याहून गंभीर आहे माहितीपत्रकातलं हे वाक्य: ‘उन्हात जायची गरज नाही, ड जीवनसत्त्व घरबसल्या.’ त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरचे अतिनील-बी किरण लागतात. तुमच्या पॅनेलमध्ये ते अजिबात नाहीत. हे पॅनेल घेणाऱ्यांत गुडघे दुखणारे, फ्लॅटबाहेर क्वचित पडणारे ज्येष्ठ असतात. या वाक्यावर विसंबून ते गच्चीवर जाणं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या दोन्ही बंद करतील. खिडकीच्या काचेआडून येणारं ऊनही कामाचं नाही, कारण काच हे किरण अडवते. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात. तिरप्या वाटेने येताना ओझोनच्या थरात शोषले जातात. आपली सावली उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन, हातपाय उघडे ठेवून, त्वचा लाल होण्याआधी आटोपलेलं: हे पुस्तिकेत छापायला हवं होतं.

८५० नॅनोमीटरचे एलईडी चालू असताना जवळपास बंदच दिसतात. तो प्रकाश दिसत नसल्याने डोळ्याची बाहुली आकुंचन पावत नाही आणि माणूस बिनधास्त त्याकडे बघत बसतो. खोक्यात संरक्षक चष्मा नाही, पुस्तिकेत इशारा नाही. एलईडी खरंच बंद आहे की चालू, हे मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघता येतं (तिथे जांभळट ठिपका दिसतो), एवढंही लिहिलेलं नाही.

पॅनेल परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. १५ आणि ३० सेंमीवरची स्पेक्ट्रोरेडिओमीटरची (प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश वेगळा मोजणाऱ्या यंत्राची) मोजणी जाहीर करा, चष्मा सोबत द्या. ड जीवनसत्त्वाचा दावा आजच जाहिरातीतून काढा आणि आधीच्या प्रत्येक खरेदीदाराला तसं लेखी कळवा. १५ दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. पावती, खोक्याचे आणि वॉटमीटरचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक